दोन पावड्यांचं इंग्रजी

“पाय न्हाय, अण्णा! तोंड! तोंड हलवा की जरा!”

मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या कौलावर झोपलेलं मांजर गडगडत गटारीत आलं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते आणि माझ्याहून मोठ्यानं ओरडत होते.

“तोंड पायाला बांधलंय गं माझं! पाय थांबला की तोंड थांबतंय. त्याला मी काय करू?”

“बरं, परत म्हणा. कोट. को-उ-ट.”

“क्वाट!”

“क्वाट न्हाय हो!”

“क्वाटच हाय! माझ्या आज्जानं घातला तवा क्वाट हुता, बानं घातला तवा क्वाट हुता. तू कॉलेजात गेलीस म्हणून त्याचं कापड बदललं काय?”

कोपऱ्यात आई रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. ती मूळची निपाणीची. तंबाखूच्या वखारींच्या गावात वाढलेली बाई, तिचं साधं बोलणं ऐकूनसुद्धा माणसाला ठसका लागायचा. रहाट न थांबवता ती म्हणाली, “धाकटीला शाळंत घालायचं चाललंय का बापाला? आधी ठरवा, मग वरडा.”

ठरलेलं धाकटीचंच होतं, आणि ठरवलं होतं आईनंच. सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही बेळगावच्या खासबागेत राहायचो. आमच्या गल्लीत पहाटेपासून माग सुरू व्हायचे. मी मराठी शाळेतून शिकून कॉलेजात गेले होते, आणि पहिल्याच दिवशी हजेरीला नाव पुकारल्यावर ‘प्रेझेंट’ म्हणायला उभी राहिले ती नुसती उभीच राहिले. शब्द ओठापर्यंत आला आणि परत गेला. पोरं हसली. घरी येऊन मी आईला सांगितलं ते गंमत म्हणून, पण आईला त्यात गंमत दिसली नाही. “हिचं झालं ते झालं,” ती म्हणाली, “धाकटीचं तोंड असं बंद पडाय नको.” माझी धाकटी बहीण तेव्हा पुढचे दात पडायच्या वयाची. तिचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं, पण आईपुढं हे बोलणार कोण?

त्याच सुमारास गावात एका जुन्या बंगल्यात इंग्रजी शाळा निघाली. खाली ऑफिस, वर लाकडी माडीवर वर्ग. हेडबाई धारवाडकडच्या, काळा गॉगल आणि बारमाही छत्री बाळगणाऱ्या. आमच्या समोर राहणारा कचेरीतला कारकून शहाणा, त्यानं आपल्या मुलीचं नाव सगळ्यांच्या आधी घालून टाकलं होतं. आम्हीही धाकटीला घालणार हे कळल्यावर तो संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर येऊन बसला. धोतराचा सोगा झटकून त्यानं आधी एक सुस्कारा सोडला. दुसऱ्याचं वाटोळं सांगायच्या आधी तो नेहमी सुस्कारा सोडायचा.

“घाला की, का न्हाय घालायचं,” तो म्हणाला. “पण अण्णा, तिथं पोरीची परीक्षा न्हाय. बापाची असती.”

“कसली?”

“इंग्लिश म्हणाय लावत्यात. त्यातबी साधं न्हाय. दोन स्वर शेजारी-शेजारी बसलेले शब्द काढत्यात बाई. एकटा स्वर काय, कुणीबी पेलतंय. जोडी आली की माणसाचं खानदान कळतं. मी म्हटलं सगळे, म्हणून पोरगी आत गेली. आता मागावर बसणाऱ्या माणसाच्या जिभंला ते वळण यायचं म्हणजे…” आणि त्यानं दुसरा सुस्कारा सोडला. “मी आपलं तुमच्या हिताचं सांगतोय.”

आमच्या गल्लीत अण्णांच्या मिशीला दोन लिंबं टेकतील असा पीळ होता. त्या सुस्काऱ्यानं तो पीळ सुटलेला मी डोळ्यांनी पाहिला. कारकून गेल्यावर अण्णा मला म्हणाले, “आक्का, तू कॉलेजात काय शिकतीस ते काढ भाईर.”

आता मी कॉलेजात काय शिकत होते? इंग्रजीचे आमचे प्राध्यापक इंग्रजी कविता मराठीत समजावून सांगायचे आणि मराठी माणसाला शिव्या इंग्रजीत द्यायचे. त्यामुळं माझ्याकडं शिव्यांचा साठा चांगला होता, बाकी सगळा आनंद. पण गल्लीत माझ्याएवढं इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, आणि गुरू व्हायला तेवढं पुरतं. मी ऐटीत सांगितलं, “जोडस्वर म्हणजे घसरगुंडी. एका स्वरावर चढायचं, दुसऱ्यावर उतरायचं. मधे थांबायचं नाही.”

अण्णा चढले की उतरायचे नाहीत, आणि उतरले की आधी चढलेच नव्हते असं कळायचं. ‘रेन’ म्हणा म्हटलं की ‘र्यान’. ‘गेट’ला ‘ग्याट’. ‘रोड’ तर ‘र्वाड’ होऊन आमच्याच दारावरून जायचा. मी रडकुंडीला आले. खरं सांगायचं तर आमच्या भागाला जोडस्वर नवे नव्हतेच. घोड्याला घ्वाडा, देवाला द्याव, एकाला याक म्हणणारी माणसं आम्ही, एका अक्षरात दोन-दोन स्वर कोंबण्यात सात पिढ्या तरबेज. गोऱ्या साहेबानं तेच स्वर उलट्या बाजूनं कोंबले, एवढाच काय तो त्याचा शहाणपणा. त्यानं आधी कॅम्पात न उतरता खासबागेत बिऱ्हाड केलं असतं तर आज लंडनात ‘क्वाट’ घालून फिरला असता.

आईनं आपले उपाय केले. बोलायला उशीर करणाऱ्या पोरांच्या जिभेला वेखंड लावतात. तिनं ते सहाणेवर उगाळलं आणि मिशा बाजूला करून अण्णांच्या जिभेला लावलं. अण्णा दिवसभर थुंकत होते. संध्याकाळी जीभ सुजून आली, आणि गंमत म्हणजे तेवढा एक दिवस त्यांचा ‘कोट’ बिनचूक निघाला. सूज उतरली तसा परत ‘क्वाट’. आई म्हणाली रोज लावते. अण्णा म्हणाले, त्यापेक्षा पोरगी अडाणी राहू दे.

शेवटी गुरू भेटला तो मागच. आमचा माग खड्ड्याचा. विणकर जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात, तिथं दोन लाकडी पावड्या. डावी दाबली की निम्मे धागे उचलतात, उजवी दाबली की उरलेले. मधल्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा पळतो आणि फणी तो ठोकून बसवते. पाय कितीही आपटा, आवाज वर येत नाही, खड्डा गिळून टाकतो. एका दुपारी अण्णा विणता विणता माझी घसरगुंडी पुटपुटत होते आणि मी दारात तांदूळ निवडत होते. एकदम कानावर आलं, “को… उट.” स्वच्छ. बीबीसीवाला ऐकून राजीनामा देईल असं.

मी सूप टाकून धावले. “काय केलंत?”

अण्णा स्वतःच दचकले होते. त्यांनी खाली बघितलं. “डावी दाबली तवा ‘को’ म्हटलं. उजवी दाबली तवा ‘उ’.” मग हळूहळू त्यांची मिशी फुलली. “अगं, हे काय इंग्रजी हाय व्हय? हे तर विणणं हाय! दोन पाय, दोन स्वर, मधी धागा तुटू द्यायचा न्हाय!”

त्या दिवसापासून आमच्या घरात इंग्रजी विणलं जाऊ लागलं. ‘हा’ डावा, ‘उ’ उजवा, ‘स’ला धोटा: हाउस. ‘बॉ’ डावा, ‘इ’ उजवा: बॉय. ‘रे’ डावा, ‘इ’ उजवा, ‘न’ला फणीचा ठोका. धाकटी खड्ड्याच्या काठावर बसून तेच म्हणायची आणि खाली सोडलेले पाय हवेत हलवायची. एक खोड मात्र जाईना. मागावर धागा तुटला की विणकर थांबतो, पुढं वाकतो, दोन बोटांनी गाठ मारतो आणि तिथूनच पुढं विणतो. अण्णा शब्दात अडकले की तेच करायचे. थांबायचे, पुढं वाकायचे, हवेत नसलेल्या धाग्याला गाठ मारायचे, आणि अडलेल्या स्वरापासून पुन्हा सुरू. गाठ मारल्याशिवाय शब्द पुरा करणं त्यांना पाप वाटायचं.

त्या उन्हाळ्यात विणलेल्या लुगड्यांबद्दल गल्लीत अजून बोलतात. अवघड शब्दांपाशी अण्णा ठोका जोरात मारत, त्यामुळं तिथं पोत घट्ट झाला. खानापूरच्या बाजारात एका बाईनं लुगडं परत आणून टाकलं म्हणे. नेसून चाललं की पाय आपोआप इंग्रजीत पडतात आणि सासू संशय घेते, ही तिची तक्रार. मी ती बाई पाहिलेली नाही, पण लुगडं पाहिलंय, आणि लुगडं खोटं बोलत नाही.

समोरच्या कारकुनाच्या कानावर हे सगळं जातच होतं. दोन स्वर अण्णांनी पचवले हे कळल्यावर तो पुन्हा आला, पुन्हा सुस्कारा. “दोनाचं ठीक हाय हो. पण बाई शेवटाला एक तीनाचा घालत्यात. ई, ए, यू, तीन एका वळीत. ब्यूटिफुल.” आणि निघून गेला.

अण्णा पावड्यांकडं बघत बसले. “पाय दोन,” ते म्हणाले. “तीन स्वराला काय शेपूट लावू?” त्या रात्री जेवले नाहीत. मी सांगत होते, तीन अक्षरं असली तरी आवाज एवढा नाही, सोपं आहे. ऐकतो कोण? तीन दिसले म्हणजे तीन विणायचे. सकाळी आई रहाटावरून उठली, पदर खोचला आणि खड्ड्याच्या काठावर येऊन उभी राहिली. “तुमचे दोन म्हणा. तिसऱ्याला मी पाय आपटती.” तसं ते जमलं. ‘बी’ डावा, ‘ए’ उजवा, आणि आईनं धाडदिशी पाय आपटला की दोघं मिळून ‘यूऽटिफुल’. आमच्या घरात नवरा-बायकोनं मिळून केलेली, न भांडता, ती पहिली गोष्ट.

मुलाखतीच्या दिवशी अण्णा धुतलेला क्वाट घालून, माफ करा, कोट घालून निघाले, बरोबर आम्ही तिघी. शाळेत वहाणा दाराबाहेर काढल्या. ऑफिसात खुर्च्या होत्या, खाली शहाबादी फरशी. अण्णा खुर्चीत बसले, आणि पायाखाली खड्डा नाही, पावड्या नाहीत हे पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा आड आटल्यासारखा झाला.

हेडबाईंनी गॉगल कपाळावर चढवला आणि मराठीत, धारवाडी हेलात विचारलं, “घर कुठं म्हणालात?”

“खासबाग.”

“पोरीला देवी काढल्यात की न्हाई?”

आईनं धाकटीचा दंड उघडून लशीचा व्रण दाखवला.

“दुपारचा डबा कोण आणणार?”

“मी,” मी म्हणाले.

“झालं तर. शाळा उघडली की पाठवा.” आणि बाईंनी पुढच्या माणसासाठी घंटी वाजवायला हात उचलला.

“झालं?” अण्णा म्हणाले.

“झालं की.”

“आणि परीक्षा?”

“कसली परीक्षा?”

मी अण्णांचा कोट मागून ओढत होते, पण ते उठेनात. “जोडस्वराची. बापाची घेता न्हवं तुम्ही?”

बाई हसल्या. “बापाची परीक्षा घेतली तर माझ्या शाळेत बाकंच उरतील हो. आधीच बाकं जास्ती आहेत, पोरं कमी. कुणी सांगितलं तुम्हाला?”

कुणी सांगितलं ते आम्हा तिघांनाही एकदमच कळलं. का सांगितलं तेही कळलं. आपल्या पोरीच्या बाकावर मागवाल्याची पोर येऊन बसू नये म्हणून त्या शहाण्यानं इंग्रजांच्या पाच स्वरांना आमच्या दारावर पहारेकरी नेमलं होतं. पगार नाही, पेन्शन नाही, पाचही इमानेइतबारे उभे. माझ्या अंगाची लाही झाली. आईनं ओठ आवळले. तिथून निमूट उठून यायचं, जागा मिळालीच होती. पण अण्णा?

“तुम्ही न्हाय घेतली तर ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले, “मी देणार.”

आणि त्यांनी दोन्ही पाय उचलून फरशीवर मारले. थप्! “को!” थप्! “उट!” खड्ड्यात कधी न ऐकलेला आवाज शहाबादीवर असा उठला की टेबलावरची शाई हिंदकळली. शिपाई धावत आला. बाईंनी आपले पाय वर खुर्चीत घेतले. “रेइन! गेइट! बॉइ!” ‘हाउस’ला अण्णा अडकले, थांबले, पुढं वाकले आणि हेडबाईंच्या टेबलावर, त्यांच्या नाकासमोर, हवेत सावकाश गाठ मारली. बाई वाकून तो धागा शोधत होत्या, हे मी शपथेवर सांगते. शेवटी अण्णांनी आईकडं बघितलं. आई उठली, पदर खोचला, आणि दोघांनी मिळून ‘ब्यूटिफुल’ असं काही आपटलं की भिंतीवरचा भारताचा नकाशा खिळ्यावर तिरका झाला आणि बेळगाव आपसूक महाराष्ट्राकडं झुकलं. तो नंतर कुणी सरळ केला नाही, म्हणजे आम्ही असेपर्यंत तरी नाही.

“येक्सलंट!” बाई कशाबशा म्हणाल्या.

बाहेर आल्यावर अण्णा माझ्या कानात म्हणाले, “बाईस्नी पावडी मिळाली न्हाय वाटतं. ‘ये’ लावत्यात पुढं.”

संध्याकाळी कारकून कट्ट्यावर हजर. “काय अण्णा, घेतली का परीक्षा?”

“न्हाय.”

“मग?”

“दिली.”

हे उत्तर पचवायला त्याला पावसाळा लागला.

पण इथं गोष्ट संपली असती तर मी सांगितली नसती. शाळा उघडली, धाकटी माडीवरच्या वर्गात बसू लागली; माडीची मातीनं सारवलेली लाकडी जमीन म्हणजेच खालच्या ऑफिसची तक्तपोशी. आणि धाकटीचं सगळं इंग्रजी पायात! बाईंनी फळ्यावर ‘रेन’ लिहिलं की ही बाकाखाली डावा-उजवा आपटून म्हणणार, आणि बिनचूक म्हणणार. शेजारच्या पोरींनी बघितलं की हिचं बरोबर येतं आणि आपल्याला छड्या बसतात. पोरं असल्या बाबतीत मोठ्यांपेक्षा शहाणी. गौरी-गणपतीपर्यंत सगळा वर्ग आपटायला लागला. ‘ब्यूटिफुल’ आलं की एक पोरगी खास तिसऱ्या पायासाठी उभी राहायची. पिरनवाडीहून येणारा टांगेवाला सांगायचा की शाळेजवळ आलं की घोडं इंग्रजीत चालतं. खाली हेडबाईंच्या चहात माडीवरची माती पडू लागली. आधी चिमूटभर, मग चमच्यानं.

एक दिवस शिपाई आमच्या दारात. अण्णांना बोलावलंय. आईचा रहाट थांबला. “नाव काढत्यात पोरीचं,” ती म्हणाली, आणि ठसका तिलाच लागला. मी बरोबर गेले. ऑफिसात गेलो तर समोरचा कारकून आधीच बसलेला. त्यालाही बोलावणं होतं. आम्हाला बघून त्यानं सुस्कारा सोडायला छाती फुगवली.

बाईंच्या पुढ्यात चहाचा कप, कपात साय असावी तशी माती. “हे कुणी सुरू केलं मला ठाऊक आहे,” त्या अण्णांना म्हणाल्या. “मी ह्या मुलीचं नाव काढणार.”

“काढाच, बाई,” कारकून म्हणाला. “अहो, घरातलं वळण. आता माझी मुलगी बघा, तिला असली काय सवय न्हाय. ती तोंडानंच…”

तेवढ्यात वरून बाईंच्या बरोब्बर डोक्यावर धाडधाड झालं आणि त्या गलक्यात सगळ्यांच्या वर एक आवाज, चिरका, कारकुनी, त्याच्या घरातून रोज ऐकू यायचा तोच: “को! उट!” पाठोपाठ कारकुनाच्या टोपीवर मातीचं एक ढेकूळ पडलं.

कारकुनानं टोपी काढून झटकली, पण फुगवलेला सुस्कारा आतच राहिला. तो अजून त्याच्या पोटात असावा. बाईंनी वर बघितलं, मग हजेरीपटाकडं, मग पुन्हा वर. एकीचं नाव काढायचं तर कुणाचं? सगळ्यांची काढली तर उरतात बाकं, आणि बाकं तर आधीच जास्ती. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

“ऱ्हाऊ दे तुमची मुलगी,” त्या थकून अण्णांना म्हणाल्या. “पण हा आवाज बंद कसा करायचा, एवढं तरी सांगा.”

अण्णांनी मान वर करून तक्तपोशी या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट न्याहाळली.

“खड्डा मारून घ्या, बाई.”